राखपट

जुईला उभं राहा म्हणून सांगावं लागत नसे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी केतकीने कपाटातून राखाडी कापड काढलं, की ती हातातलं खेळणं टाकून भिंतीपाशी जाई, कापडाच्या मधोमध पावलं ठेवी आणि हनुवटी वर करी. साडेतीन वर्षांची पोर, पण फोटो निघेपर्यंत हलायची नाही. सोलापुरातल्या तिच्या वयाच्या सगळ्याच मुलांना ही सवय होती. नीट बोलता येण्याआधी त्यांना स्तब्ध राहता येत होतं.

त्या कापडाचं नाव राखपट. बाळंतीण दवाखान्यातून घरी येताना बाळाबरोबर तेही येई. भिंतीवरून खाली जमिनीवर पसरेल एवढं लांब, सुती, बरोबर मधल्या राखाडी रंगाचं. ना निळसर, ना पिवळसर. त्याच्यावर मुलाला उभं करून फोटो काढायचा आणि बालरक्षण मंडळाच्या वर्णमापकाकडे पाठवायचा. वर्णमापक हे यंत्र कुठल्याशा थंड तळघरात होतं म्हणे. कातडीच्या रंगावरून ते सांगायचं, की मुलाचं रक्त कमी झालंय का, यकृत बिघडलंय का, श्वास पुरतोय का.

याची गरज पडली ती खिडक्यांमुळे. ऊन वर्षातले नऊ महिने माणूस मारण्याइतकं तापू लागलं, तेव्हा शहरात दिवसबंदी आली. सूर्य वर असेतोवर पाच वर्षांखालचं मूल घराबाहेर न्यायचं नाही, आणि प्रत्येक खिडकीला उष्णता अडवणारा केशरी पापुद्रा. खिडक्या उघडायच्या नाहीत. त्यामुळे घरात येणारा उजेड मधासारखा. भात पिवळा, दूध पिवळं, भिंत पिवळी. पण ते कुणाला जाणवत नसे, कारण माणसाचा डोळा तडजोड करण्यात पटाईत. पिवळ्या उजेडात थोडा वेळ बसलं, की तो पिवळ्यालाच पांढरं समजू लागतो. सुरुवातीच्या वर्षांत कावीळ झालेली मुलं आयांच्या मांडीवर पिवळी पडत गेली आणि आयांना ते दिसलं नाही.

कॅमेऱ्याचा डोळा अशी तडजोड करत नाही. पण फोटोत दिसणारा पिवळेपणा उजेडाचा किती आणि मुलाचा किती, हे त्यालाही कुणीतरी सांगावं लागतं. राखपट तेवढंच सांगत असे. राखाडी कापड फोटोत जितकं पिवळं दिसलं, तितका पिवळेपणा उजेडाचा. तेवढा सगळ्या फोटोतून वजा करायचा. मग उरतो तो मुलाचा स्वतःचा रंग.

साधी वजाबाकी. त्या वजाबाकीवर शहरातली मुलं जगत होती.

निरोगी रंगाच्या मर्यादेला पट्टा म्हणत. मूल पट्ट्याबाहेर गेलं तर त्याच दिवशी दुसरा फोटो मागवत. तोही बाहेर गेला तर गाडी येई आणि मूल देखरेख घरात जाई. आईबापांना तिथे प्रवेश नसे. केतकीच्या खालच्या मजल्यावरच्या बोल्लींचा श्रीहर्ष असाच गेला होता. परत आला तेव्हा गुटगुटीत होता, आजार गेला होता, फक्त आईला तो मॅडम म्हणायला लागला होता. आठवडाभर. मग सुटलं ते. पण केतकीच्या कानातून सुटलं नाही.

आजारी मुलाच्या जागी दुसऱ्याचं धडधाकट मूल उभं करणारेही निघाले. म्हणून यंत्र आधी मूल तेच आहे का हे पाहू लागलं. लहान मुलांचा चेहरा फार लवकर बदलतो, त्यामुळे यंत्राचा भर चेहऱ्यावर कमी आणि रंगावर जास्त. दर महिन्याचा रंग मागच्या महिन्याच्या रंगाला जोडत त्याने प्रत्येक मुलाची एक साखळी तयार केली होती. ती साखळी म्हणजेच मूल.

गडबड झाली ती निळीने.

त्या सोमवारी फोटो गेला आणि उत्तर आलं: पट्ट्याबाहेर. पिवळा. यकृताची शंका. संध्याकाळपर्यंत दुसरा फोटो पाठवा.

केतकीने जुईला खिडकीजवळ नेलं, पापणी खाली ओढून पाहिलं, नखं दाबून पाहिली, जीभ पाहिली. जुईला वाटलं खेळ आहे, तिने आणखी मोठी जीभ काढली. मग केतकीला सुचलं ते तिच्या कामामुळे. ती घरबसल्या एका चादरींच्या दुकानासाठी फोटो जुळवायची. शंभर चादरींचे फोटो शंभर वेळी काढलेले, कुठे मागची भिंत गुलाबी, कुठे हिरवट. त्या सगळ्यांची पार्श्वभूमी कॉम्प्युटरवर एकसारखी करायची, म्हणजे चादरी एकाच ठिकाणी मांडल्यासारख्या दिसतात. तिने गेल्या महिन्याचा आणि या महिन्याचा असे जुईचे दोन फोटो शेजारी ठेवले आणि ड्रॉपर, म्हणजे पडद्यावरचा रंग उचलून त्याचे आकडे दाखवणारी खूण, आधी एका कापडावर टेकवली, मग दुसऱ्यावर.

कापड निळं झालं होतं. डोळ्याला कळणार नाही इतकंच. पण झालं होतं.

"आत्या," तिने स्वयंपाकघरात जाऊन सासूला विचारलं, "राखपट धुतलं होतं का तुम्ही?"

"होय की." आत्या शेंगा सोलत होत्या. "किती मळकट दिसायलं होतं गं! साबण लावला नाही बघ, लिवलंय ना त्यावर. नुसतं पाण्यातनं काढलं अन् शेवटी जरा नीळ दिली. कसं खुललंय! तू तर बघितलं पण नाहीस."

राखपटाच्या कोपऱ्यावर सूचना छापलेल्या होत्या. साबण नको, सोडा नको, इस्त्री नको. नीळ नको असं कुठेच नव्हतं. ज्यांनी सूचना लिहिल्या त्यांचे कपडे बहुधा दुसरंच कुणीतरी धूत असावं.

आता वजाबाकी चुकणार हे केतकीला लगेच कळलं. कापड राखाडीच आहे या समजुतीने यंत्र निळेपणा उजेडाच्या नावावर लावणार, आणि तेवढा निळा जुईच्या तोंडावरूनही काढून घेणार. निळा काढला की उरतो पिवळा. जुईला काही झालेलं नव्हतं. कापडाला झालं होतं.

तिने नवऱ्याला फोन लावला. विश्वजित मंगळवेढ्याच्या माळावर सौरकेंद्रात होता, आठवड्याने घरी यायचा.

"मग कळव की मंडळाला," तो म्हणाला. "नवीन कापड देतील."

"नवीन कापड दिलं की जुनी साखळी रद्द होते. नवी तयार होईपर्यंत मूल देखरेख घरात. वाचलं नाहीस का कधी?"

"अगं, पण निळीसाठी..."

"त्यांना नीळ दिसत नाही विशू. त्यांना जुई पिवळी दिसते."

संध्याकाळ व्हायच्या आत केतकीने दुसरा फोटो काढला, जुईच्या आकृतीची कड धरून कापड वेगळं केलं आणि त्याच्यात गेल्या महिन्याचा राखाडी भरला. अवघड काम केसांचं. जुईचे केस भुरभुरीत, एकेका केसाच्या मागून निळं डोकावत होतं, ते तिने पडद्याजवळ डोळे नेऊन एकेक करून पुसलं. कापडाची वीण जशीच्या तशी ठेवली. मग पाठवलं.

उत्तर आलं: ठीक.

तिने लॅपटॉप मिटला आणि जुईला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

एकदाच करायचं होतं ते. पण पुढच्या महिन्यात कापड निळंच होतं. त्याच्या पुढच्याही. दोनदा साध्या पाण्यात भिजवून झालं, नीळ उतरली तर डागाडागांनी उतरली. मग दर पहिल्या सोमवारी केतकी तोच, नीळ लागण्याआधीचा राखाडी काढून जुईच्या मागे भरू लागली. हात इतका बसला की चादरींपेक्षा जुई लवकर व्हायची.

आणि भीती मात्र वाढत गेली. कारण आता जुईकडे पाहणारं कुणीच उरलं नव्हतं. यंत्र पाहत होतं ते केतकीने जुळवलेलं. खरोखर काही झालं तर यंत्राला कळेल का? आणि यंत्राला नाही, तर मग कुणाला? एकदा दुपारी तिने न्हाणीघराचं दार लावून मोबाइलच्या पांढऱ्या उजेडात जुईचे डोळे पाहिले. बुबुळांभोवतीचं पांढरं पिवळसर वाटलं. तिने आरशात स्वतःचे पाहिले. तेही पिवळसर. मग आत्यांना बोलावलं.

"काय करायलीस गं? डोळ्यात बॅटरी काय मारायलीस?"

आत्यांचेही पिवळसर. ताडून पाहायला काहीतरी पांढरं हवं म्हणून केतकी घरभर हिंडली. भिंती मधाळ. कागद विटलेले. पांढरं म्हणून जे उरलं होतं, टॉवेल, उशांचे अभ्रे, विश्वजितचे शर्ट, ते सगळं आत्यांच्या निळीतून निघालेलं. त्यांच्या शेजारी जगातला कुठलाही डोळा पिवळाच दिसला असता. रात्री बाहेर नेऊन पाहावं तर रस्त्यावरचे दिवेही पिवळेच. खोकला नव्हता, ताप नव्हता. जेवण जरा कमी झालं होतं. झालं होतं का? उन्हाळ्यात सगळ्याच मुलांचं होतं. पण आता उन्हाळा नसतोच कधी?

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी, सूर्य मावळून त्या दिवसाची बंदी उठल्यावर, दाराची बेल वाजली. पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात मंडळाचं ओळखपत्र.

"मी डॉक्टर अनुराधा चाकोते. वर्णमापन विभाग. घाबरू नका, गाडी नाही आणलेली."

घाबरू नका म्हटल्यावर केतकी घाबरली. आत्यांनी पाणी दिलं, वर शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढे केली. डॉक्टरांनी नको न म्हणता तुकडा मोडला.

"तुमच्या मुलीचा आलेख पाहून आले मी," त्या म्हणाल्या. "फार सरळ आहे."

"म्हणजे चांगलं ना?"

"मूल महिन्याला बदलतं. सर्दी झाली, दात आला, आंबे खाल्ले, रंग हलतो. थोडाच, पण हलतो. त्याच्या अंगावरचा उजेडही हलतो. तुमच्या जुईच्या मागचं कापड सहा महिने एका रंगावर आहे. असं कापडच नसतं जगात." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "काय लागलं होतं? हळद?"

आत्याच म्हणाल्या, "हळद कशाला लागंल? स्वच्छ धुतलंय. नीळ दिलीय."

डॉक्टर चाकोते हसल्या नाहीत. डोळे मिटून त्यांनी मान हलवली. "नीळ. तीन जिल्ह्यांत नीळ आहे."

"तुम्हाला माहीत होतं?" केतकीने विचारलं.

"आता होतंय. मी हे कापड तयार केलं तेव्हा उजेडाचा विचार केला, धाग्याचा केला. धुणाऱ्या बाईचा केला नाही." त्या पुढे सरकल्या. "आता ऐका, रागावून नाही सांगत. तुम्ही जुना राखाडी भरला, म्हणजे यंत्राला काय सांगितलं? की घरातला उजेड सहा महिन्यांपूर्वी होता तेवढाच पिवळा आहे. तो नाहीये. खिडकीचा पापुद्रा उन्हाने विटतो. दर महिन्याला उजेड थोडा कमी पिवळा होतो. पण यंत्र जुन्या हिशेबाने जास्तच पिवळं वजा करत राहिलं. कापडातून आणि..."

"जुईतून," केतकी म्हणाली.

"हो. ती खरोखर थोडी पिवळी पडत असेल, तर तेवढं सगळं तुम्ही दर महिन्याला पुसलंत."

जुई आत्यांच्या मांडीवर बसून भाकरीचा कडक पापुद्रा चघळत होती. केतकीने तिच्याकडे पाहिलं आणि तिला तिचा रंगच दिसेना. नाक दिसलं, भुरभुरे केस दिसले. रंगाच्या जागी रिकामं होतं.

"ती आजारी आहे का? तुम्ही डॉक्टर आहात, बघून सांगा ना!"

"माझे डोळेही याच शहरातले आहेत, केतकीताई."

त्यांनी पिशवीतून काळ्या प्लॅस्टिकमध्ये सीलबंद केलेली एक घडी काढली. कोरं राखपट. ना धुतलेलं, ना हाताळलेलं. दार लावून त्यांनी ते निळसर कापडाशेजारी टांगलं. दोन्ही शेजारी आल्यावर कुणालाही फरक दिसला असता. नवं कापड मातकट, जुनं प्रसन्न.

"हे घाण आहे," जुई म्हणाली. "माझं हे नाही."

"ये बाळा, एकदाच."

"नाही. आजीने धुतलं नाही ते."

शेवटी केतकीने तिला उचलून त्याच्यावर ठेवलं. ठेवल्याबरोबर सवयीने हनुवटी वर झाली. डॉक्टरांनी फोटो काढला आणि स्वतःच्या मोबाइलवर आकडा पाहिला.

"बाहेर आहे," त्या म्हणाल्या. "पिवळ्याकडे."

आत्यांनी पदर तोंडाला लावला.

"थांबा. त्याचा अर्थ आजार असाच नाही. गेल्या काही महिन्यांत मी अशी बरीच सीलबंद कापडं उघडली. एकूण एक मूल पट्ट्याबाहेर. पण तो फोटो पाठवायला एकही आई तयार झाली नाही."

"सगळी आजारी?"

"तेच तर. निरोगी मूल कसं दिसतं हे यंत्र तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून शिकतं. हजारो आया कापड जुळवतायत. कुणी निळीसाठी, कुणी हळदीसाठी, कुणी उगीच, भीतीने. ज्या जुळवतात त्यांचीच मुलं ठीक ठरतात, आणि त्यांच्याकडे पाहून पट्टा दर वर्षी फिकटाकडे सरकतो. आता खरं मूल त्यात मावत नाही."

"मग जुना पट्टा? सुरुवातीचा?"

"तो उन्हात खेळलेल्या मुलांचा होता. ऊन न पाहिलेली पिढी कशी दिसायला हवी, हे कुणालाच माहीत नाही. जुई निरोगी असेल. किंवा यकृत सुजत असेल. रक्त पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि मंडळाच्या आदेशाशिवाय कुठलाही दवाखाना मुलाचं रक्त घेत नाही. आदेशासाठी हा फोटो पाठवावा लागतो." त्यांनी मोबाइल केतकीच्या हातात दिला. "पाठवलात तर उद्या गाडी येईल. ते मी थांबवू शकत नाही. रक्त तपासलं जाईल एवढं मात्र नक्की."

पडद्यावर जुई उभी होती, मातकट कापडापुढे, पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या रंगात. केतकीला ती ओळखीची वाटली नाही, आणि त्याचीच तिला लाज वाटली. गाडी. पांढरी खोली. मॅडम म्हणणारी जुई. दुसऱ्या बाजूला एक सुजत जाणारं यकृत, जे ती दर सोमवारी केसांच्या कडांपासून नीट पुसून काढत होती.

"आत्या, तिची बॅग भरा," ती म्हणाली. "तो पिवळा फ्रॉक घाला. तिला आवडतो."

आणि तिने बोट टेकवलं.

उत्तर यायला एरवी क्षणही लागत नसे. या वेळी चक्र फिरत राहिलं. मग पडद्यावर अक्षरं आली. केतकीने ती वाचली, आणि कळली नाहीत म्हणून मोठ्याने वाचली.

"फोटोतील मूल जुई विश्वजित म्हमाणे नाही. रंगसाखळी जुळत नाही. दुसऱ्या मुलाचा फोटो पाठवणं गुन्हा आहे. नोंदवलेल्या मुलाचा फोटो उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा. न आल्यास मूल बेपत्ता समजून शोध घेतला जाईल."

"ही काय भानगड?" आत्या म्हणाल्या. "पोर तर ही बसलीय!"

केतकी डॉक्टरांकडे वळली. "तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही समोर आहात. तुम्हीच काढलाय फोटो!"

"माझी सही चालते. पण ओळख पटलेल्या मुलासाठीच." डॉक्टर चाकोते खुर्चीच्या कडेवर बसल्या. पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला होता. "रक्ताचा आदेश मुलाच्या नावाने निघतो. नाव साखळीला बांधलेलं असतं. आणि साखळी..."

"मी जोडलेली आहे."

"हो."

"मग तिचं रक्त कुणाच्या नावाने घेणार?"

डॉक्टरांनी कोरं राखपट भिंतीवरून उतरवलं. त्यावर जुईच्या चिमुकल्या पावलांचे दोन पुसट ठसे उठले होते, तेवढ्यानेही ते आता कोरं राहिलं नव्हतं. घडी घालून त्यांनी ते पिशवीत टाकलं. दाराशी गेल्यावर त्या वळल्या.

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे," त्या म्हणाल्या. मग आणखी हळू म्हणाल्या, "जुळवा. केसांच्या कडा सांभाळून. मी आलेख पाहिला नाही असं समजेन."

दार लागलं. आत्या पिवळा फ्रॉक हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. घरातला दिवा लागला होता आणि केशरी काचेत बाहेरच्या शहराऐवजी आतली खोलीच दिसत होती: टेबल, लॅपटॉप, त्याच्यापुढे बसलेली केतकी.

जुई केतकीच्या मांडीवरून उतरली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती भिंतीपाशी गेली, आपल्या निळसर, स्वच्छ, आजीने धुतलेल्या कापडावर मधोमध पावलं ठेवून उभी राहिली आणि हनुवटी वर केली. मोठ्या माणसांचं काहीतरी बिघडलंय आणि ते आपल्यामुळे बिघडलंय, एवढं तिला कळलं होतं.

"आई," तिने ओठ न हलवता विचारलं, "आता जुळले का मी?"

केतकीने आपला मोबाइल वर धरला. पडद्यावरच्या त्या लहानशा तोंडात डोळ्यांचं पांढरं पिवळं होतं की नव्हतं, हे तिने या वेळी पाहिलं नाही.

"हलू नकोस," ती म्हणाली.